राखाडी बाही

"सर, एक विचारू? रंग बघायच्या आधी प्रत्येक वेळी तुम्ही स्वतःच्या बाहीकडे का बघता?"

विचारणारी मुलगी प्रशिक्षण विभागातून आली होती, असेल तिशीची, आणि तिच्या विचारण्यात काही डावपेच नव्हता. तिनं टेबलावरचा पडदा त्याच्याकडे वळवला. पडद्यावर त्याचंच टेबल होतं, त्याचेच हात, कापडाचे दोन तुकडे, आणि त्या सगळ्यावरून एक पिवळा ठिपका माशीसारखा फिरत होता. हा ठिपका म्हणजे तुमची नजर, ती म्हणाली. सकाळपासून त्याच्या नाकावर जो जाड काळा चष्मा चढवला होता, त्यानं त्याचे डोळे कुठं कुठं जातात ते टिपून ठेवलं होतं. ठिपका आधी डाव्या बाहीवर येऊन टेकायचा, दीड-दोन सेकंद तिथंच थांबायचा, मग झटकन नमुन्यावर, झटकन नव्या तुकड्यावर, आणि लगेच दूर. सकाळपासून त्यानं एकेचाळीस तुकडे तपासले होते आणि एकेचाळीस वेळा ठिपका बाहीवर जाऊन आला होता. यंत्राला वाटलं तुमचं मनगट दुखतंय, ती हसत म्हणाली, त्यानं तसं नोंदवलंसुद्धा आहे. तो हसला नाही. गर्दीत मागून कुणी खांद्यावर हात ठेवावा तसं त्याला झालं. अडतीस वर्षं तो या खिडकीपाशी बसत होता. या अडतीस वर्षांत त्याच्या टेबलाभोवती कितीतरी माणसं उभी राहिली, मान वाकडी करकरून त्याच्या हातांकडे बघत राहिली. बाहीकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. निदान तो तसं समजून चालला होता. आणि हा चष्मा, ज्याला अजून मनगट कशानं दुखतं हेही कळत नव्हतं, त्यानं एका सकाळीत ते हेरलं होतं.

कापड रंगवायच्या त्या कारखान्यात त्याला सगळे रंगमास्तर म्हणत. काम सांगायला सोपं होतं. गिऱ्हाइकानं पाठवलेला नमुना डावीकडे, नुकताच रंगवून वाळवलेला तुकडा उजवीकडे, आणि दोन्ही एकच आहेत की नाहीत हे डोळ्यांनी ठरवायचं. रंग मोजायचं यंत्र कोपऱ्यात होतं, आकडे काढत असायचं. पण यंत्र जुळला म्हणायचं आणि गिऱ्हाईक माल परत पाठवायचं, असं दोन-चारदा झाल्यावर शेवटचा शब्द त्याचाच राहिला. त्याचा एक शब्द झाला की खाली मोठ्या पिंपांमध्ये शेकडो मीटर कापड बुडायचं. खोली उत्तरेला तोंड करून होती, कारण त्या बाजूला ऊन येत नाही, आणि ऊन आलं की रंग खोटं बोलायला लागतात. भिंती राखाडी होत्या. टेबल राखाडी. अंगातला लांब कोटही राखाडी, धुऊन धुऊन कोपरांवर विरलेला. नव्यानं कुणी विचारलं की तो म्हणायचा, डाग दिसत नाहीत ना, बायकोचा त्रास वाचतो. लोक हसायचे. एवढ्या वर्षांत हा विनोद इतका झिजला होता की कधीकधी त्यालाच तो खरा वाटायचा.

आताही तेच म्हणता आलं असतं. सवय आहे हो, म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मुलगी किती वाजले विचारावं तितक्या सहज विचारून वाट बघत होती, चार महिन्यांनी तो निवृत्त होणार होता, आणि शिवाय चोरी तर पकडली गेलीच होती. आता फक्त तोंडानं कबूल करायचं राहिलं होतं. त्यानं घसा साफ केला.

"राखाडीत काहीच नसतं," तो म्हणाला. "डोळा तिथं धुऊन निघतो. लाल बघून बघून डोळा लालाला थकतो, मग निळ्यात शिरलेला तांबूसपणा त्याला दिसेनासा होतो. म्हणून आधी इथं बघायचं, मग कापडाकडे. आणि तीन सेकंदांच्या वर बघायचं नाही. पहिली नजर खरी. नंतर डोळा स्वतःची समजूत घालायला लागतो."

मग त्यानं ओलं कापड गडद दिसतं त्याचं सांगितलं, दिव्याखाली जुळलेला रंग खिडकीशी पुन्हा बघायचं सांगितलं, आणि दर अर्ध्या तासानं पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं सांगितलं. एवढं सांगून झाल्यावर पुढचं आठवेना. पुढचं नव्हतंच. मुलीनं घड्याळ बघितलं. दोन मिनिटं चाळीस सेकंद. फारच छान झालं सर, ती म्हणाली, या धड्यासाठी आम्ही चार दिवस राखून ठेवले होते. मग ती उत्साहानं पुढचं सांगत राहिली. आता नवी माणसं अकरा दिवसांत तयार होतील. चष्मा घालतील, समोर नमुने येतील, आणि नजर राखाडीवर न जाता थेट रंगावर गेली तर चष्माच त्यांना हळूच मागे आणील, न कंटाळता, हजार वेळा. चष्म्याला कुणाचा राग नाही आणि कुणाचे लाड नाहीत. "कुणाला कुणाच्या मर्जीवर शिकायची पाळीच येणार नाही," ती म्हणाली. हे ती आपल्या कामाचं कौतुक म्हणून म्हणाली होती. तो मान डोलावत राहिला, आणि त्याच्या डोक्यात ते दोन मिनिटं चाळीस सेकंद कानात पाणी गेल्यासारखे वाजत राहिले. इतकंच होतं ते. चहाचा कप गार व्हायच्या आत सांगून होणारं.

त्याला स्वतःला तर ते पहिल्याच आठवड्यात मिळालं होतं. थोरले मास्तर, ज्यांच्या हाताखाली तो लागला, ते उंच, दम्याचे आणि फार कमी बोलणारे होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी खुंटीवरचा आपला जुना कोट काढून त्याच्या अंगावर टाकला होता आणि बाहीवर बोट ठेवून म्हटलं होतं, आधी इथं बघ, मग तिथं. का, ते नंतर चालता चालता सांगितलं, रस्त्यावरची केळीची साल चुकवायला सांगावं तसं. त्यांना त्यात काही दिल्यासारखं वाटलं नव्हतं, आणि त्यालाही काही मिळाल्यासारखं वाटलं नव्हतं. ते गेल्यावर, खिडकीपाशी एकटं बसल्यावर, लोक आत येताना आवाज खाली आणायला लागल्यावर, हळूहळू ती गोष्ट मोलाची झाली. मालक पाहुण्यांना घेऊन यायचे आणि दारातूनच दाखवायचे, हे आमचे डोळे. पाहुणे विचारायचे, हे शिकता कसं येतं हो? आणि तो, नजर कापडावरून न काढता, म्हणायचा, सांगून येत नाही, डोळ्यांत असावं लागतं. पहिल्यांदा तो हे नुसतं शोभेसाठी म्हणाला असेल. पण एकदा म्हटल्यावर मग ते राखावं लागलं.

धाकटीचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी ती त्याच्याकडे आली होती. त्याला ती एकच बहीण, आठ वर्षांनी लहान, आणि तिनं आयुष्यात त्याच्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. नवऱ्याची नोकरी सुटली होती. दादा, तुझ्या हाताखाली घे ना त्यांना, ती म्हणाली, हुशार आहेत, फक्त कुणी शिकवायला पाहिजे. त्यानं लगेच मालकांच्या कानावर घातलं. कारखान्यात मेहुण्याला पंधरा दिवसांत नाव पडलं शीळबुवा, कारण तो रंग कालवताना शीळ वाजवायचा, पिंप धुताना वाजवायचा, जेवून हात धुतानासुद्धा वाजवायचा. घरी तो मेहुण्याला अहोजाहो करायचा, कारखान्यात अरेतुरे. आणि शीळबुवाला दोन्हीत काही फरक वाटत नसे. तो सगळ्यांत मिसळायचा. खालच्या पिंपांवरची माणसं त्याला वर हाका मारायची. सहा महिन्यांत तो पुडीवरचं वजन न बघता रंगाची चिमूट बरोबर घ्यायला लागला, आणि एकदा मालक दारात उभे राहून, रंगमास्तरच्या डोक्यावरून, त्यालाच म्हणाले, काय शीळबुवा, हा पोपटी जमेल का शुक्रवारपर्यंत? एवढंच. साधं विचारणं होतं. पण त्या दुपारी रंगमास्तरला पहिल्यांदा जाणवलं की खोलीत खिडकी एकच आहे आणि तिच्यापाशी खुर्चीही एकच.

शीळबुवा विचारायचा. तो शरमेनं न विचारणाऱ्यांतला नव्हता. दादा, माझा सकाळी बरोबर येतो आणि दुपारनंतर चुकतो, असं का होत असेल? रंगमास्तरला उत्तर माहीत होतं. दुपारपर्यंत डोळा थकतो आणि हा भडक चौकड्यांचे शर्ट घालून येतो, टेबलाशी वाकला की स्वतःच्याच शर्टाचा रंग याच्या डोळ्यांत भरतो. ते जिभेवर यायचंही. आणि तो म्हणायचा, होईल सवयीनं. उद्या सांगू, असंही त्यानं कितीदा ठरवलं. त्याच्या मनात मेहुण्याचं वाईट करायचं कधीच नव्हतं; फक्त आज नको, एवढंच असायचं, आणि असे आज एकामागून एक तीन वर्षं आले.

चष्मा चढवला त्याच दिवशी दुपारी मुलीनं दुसरा धडा काढला. त्याचं नाव होतं चुका. लोक चुकांमधून जास्त शिकतात सर, एखादी खरी घडलेली सांगाल का, नाव नको, नुसती हकिगत. त्यानं निळ्या कापडाची सांगितली. त्याला दुसरी आठवलीच नाही. नाट्यगृहाच्या खुर्च्यांसाठी गर्द निळं कापड हवं होतं. इथल्या एका कामगारानं दिवसभर लाल रंगाचे तुकडे तपासले होते, संध्याकाळ होत आली होती, त्यानं तसाच निळा हातात घेतला आणि जुळला म्हणून सांगितलं. कापड रंगून आलं ते जांभळट. सगळं वाया. मुलीनं विचारलं, म्हणजे त्याचं नेमकं काय चुकलं? आणि रंगमास्तरच्या तोंडून जुनंच वाक्य निघालं, तेव्हा मालकांना सांगितलेलं, नंतर बहिणीला सांगितलेलं, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं: त्यानं घाई केली. मुलगी म्हणाली, उत्तम, अगदी नेमकं. तिनं ते लिहून घेतलं.

घरी जाताना तो रोजच्या थांब्यावर उतरला नाही. दोन थांबे पुढं गेला आणि तिथून उलटा चालत आला. रस्त्याच्या कडेला दुकानांच्या पाट्या होत्या, बाहुल्यांच्या अंगावर कपडे होते, रंगांचा नुसता कोलाहल होता आणि त्याला कशातलाच फरक कळत नव्हता. डोळ्यांपुढं ती संध्याकाळ होती. तो हातात चहाचा कप घेऊन शीळबुवाच्या टेबलामागून चालला होता. शीळबुवा दोन्ही तुकडे ट्यूबलाइटखाली धरून बघत होता, फार वेळ बघत होता, आणि शीळ बंद होती. रंगमास्तरनं जाता जाता एक नजर टाकली. एका क्षणात दिसलं. नव्या तुकड्यात लाल उतरलं होतं, वांग्याच्या सालीसारखं. त्यानं पावलं थांबवली नाहीत. कपात बघत तो पुढं गेला, खिडकीशी बसला, आणि चहा प्याला. चहा बेताचा गोड होता. हे त्याला अजून आठवत होतं, आणि आठवतं याचाच त्याला राग येत होता. पाठीमागं शीळबुवा खाली ओरडून म्हणाला, घ्या, जुळला. आणि पिंपाचं झाकण उघडल्याचा आवाज आला. तेव्हाही वेळ गेली नव्हती. कापड पाण्यात उतरायला चांगली दहा मिनिटं लागत. ती दहा मिनिटं तो काय करत होता, हे मात्र त्याला आठवत नव्हतं. कितीही उकरलं तरी तिथं काही नव्हतं; एक कप, एक खिडकी, आणि उजेड कमी कमी होत गेलेला.

दुसऱ्या दिवशी मुलीनं त्याला तयार धडा तपासायला दिला. आज तुम्ही शिकणारे व्हा, ती म्हणाली, आणि चष्मा चढवला. डोळ्यांपुढं राखाडी खोली उभी राहिली, त्याच्या खोलीपेक्षा स्वच्छ, आणि कानात त्याचा स्वतःचा आवाज आला. तो दचकला. आवाज मऊ होता. घाई नाही, बघ निवांत, असं म्हणणारा, थांबणारा, पुन्हा समजावणारा. त्याचीच वाक्यं जुळवून यंत्रानं त्या आवाजाला धीर दिला होता, जो त्यानं कुणाला दिला नव्हता. बाहीकडे बघायला विसरलं की आवाज म्हणायचा, काही हरकत नाही, पुन्हा इथून सुरू करू. हे असं शिकवता येत होतं. हे त्याच्याच आवाजात होतं. मग निळं कापड आलं, आणि तोच मऊ आवाज कुठल्यातरी येणाऱ्या वर्षातल्या, अजून कामाला न लागलेल्या माणसांना सांगू लागला की इथल्या एका कामगारानं घाई केली.

त्यानं चष्मा काढला. मुलीला म्हणाला, ते घाई केली काढून टाकता येईल का. येईल की, ती म्हणाली, त्याऐवजी काय घालू? त्याचा डोळा थकला होता, असं घाला, आणि हेही घाला की दुसऱ्या एकाला ते दिसलं होतं, तो जाताना बघून गेला आणि बोलला नाही. मुलीची बोटं थांबली. तिनं खरंच विचार केला. उडवून लावलं नाही. मग म्हणाली, पहिलं घालते सर, ते बरोबर आहे. दुसरं इथं बसणार नाही. हा धडा डोळ्याचा आहे. सहकाऱ्यांशी वागणूक हा वेगळा पाठ्यक्रम आहे, तो दुसऱ्या विभागानं गेल्या वर्षीच करून बंद केला. शिकणाऱ्याला रंग जुळवायला हे लागत नाही, नाही का? तिचं चूक नव्हतं. रंग जुळवायला ते खरंच लागत नव्हतं. मग तिनं, सहज, डोकं वर न करता विचारलं की तो दुसरा माणूस कोण होता. होता एक, तो म्हणाला. आणि बाहेर येऊन नळाखाली तोंड धुताना त्याला कळलं की नाव न घेता कबूल करायची ती शेवटची सोय होती आणि तीही त्याच्या हातून गेली. यंत्रानं त्याच्याकडून सगळं घेतलं होतं, फक्त हे तेवढं परत दिलं होतं. आता ते कुठंतरी नेऊन ठेवायला हवं होतं.

रविवारी सकाळी तो धाकटीकडे गेला. ती तिसऱ्या मजल्यावर राहायची. कारण असल्याशिवाय तो कधी जात नसे, त्यामुळं दार उघडताच तिनं आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, सगळे बरे आहेत ना. बरे आहेत, सहज आलो. सहज, ती म्हणाली, आणि खुर्चीवरचे वाळलेले कपडे उचलून त्याला जागा केली. नवरा शिकवणीला गेला होता. निळ्या कापडानंतर कारखान्यात आधी त्याला रंगांच्या टेबलावरून गोदामात टाकलं होतं, गाठोडी मोजायला. तिथं चार महिने काढून तो निघून गेला आणि एका मोटार ड्रायव्हिंग शाळेत शिकवायला लागला. त्याला आता तीस वर्षं होत आली. अर्ध्या शहराला यांनीच गाडी शिकवली, धाकटी म्हणायची, आणि यांचा स्वभाव हा असा घाईचा, मी रोज जीव मुठीत धरून असते.

जिन्यातून शीळ ऐकू आली. रंगमास्तर चमकला. त्याला वाटत आलं होतं की गोदामात गेल्यापासून मेहुण्याची शीळ कायमची बंद पडली. ते त्यानं आपल्या खात्यावर मांडलंही होतं. ती बंद पडली नव्हती. फक्त त्याच्यासमोर वाजत नव्हती. दार उघडलं, शीळ थांबली, या दादा, कधी आलात, असं म्हणत शीळबुवा समोर बसला. केस पांढरे झाले होते, पायांत जुने चपटे बूट होते, उजवा पाय बसल्यावरही थोडा पुढं, शिकाऊ माणसाशेजारी बसून जादा ब्रेकवर असतो तसा. आज एक बासष्ट वर्षांच्या बाई आल्या होत्या, तो सांगू लागला, सहाव्यांदा तीच चूक, पण आज वळण घेतलं त्यांनी, आणि इतक्या हसल्या. धाकटी आत गेली. रंगमास्तरनं गुडघ्यांवर हात ठेवले आणि बोलायला सुरुवात केली. चष्म्याचं सांगितलं, बाहीचं सांगितलं, दोन मिनिटं चाळीस सेकंदांचं सांगितलं. तुम्ही विचारायचात दुपारनंतर का चुकतो, त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, ते मी दिलं नाही, असं त्यानं एका दमात म्हणून टाकलं. म्हणताना त्यानं नजर जमिनीवर ठेवली होती.

"बाहीचं मला माहीत होतं, दादा," शीळबुवा म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. तिसऱ्याच महिन्यात त्याला दिसलं होतं. नीट कारण कळलं नव्हतं, पण दादा आधी बाहीकडे बघतात एवढं दिसलं होतं, म्हणून त्यानं बाजारातून राखाडी शर्ट आणला होता. एकदाच घातला. तुम्हाला आठवत नसेल, तो म्हणाला. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, मास्तरचा कोट घालून कुणी मास्तर होत नाही, त्यापेक्षा शीळ वाजव, ती चांगली जमते. खूप हसले सगळे. मीही हसलो. मग तो शर्ट पुन्हा नाही घातला, लाज वाटली.

रंगमास्तरला खरंच आठवत नव्हतं. त्यानं मनात सगळीकडे शोधलं. ते वाक्य त्याच्याच तोंडचं होतं यात शंका नव्हती, त्याचा तोल, त्याचा टोमणा. पण ते बोलल्याचं कुठंच सापडेना. तो इतकी वर्षं समजत होता की आपण गप्प राहिलो. गप्प राहणं त्यानं कसंबसं स्वतःजवळ मान्य केलं होतं, उशाशी घेतलं होतं. आणि खरी गोष्ट अशी होती की माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी शोधून आणलेलं त्यानं एका विनोदात परत हिसकावून घेतलं होतं, आणि जेवायला गेला होता, आणि विसरला होता. असे आणखी किती विनोद असतील, हे विचारायला कुणाकडे जायचं? त्याला वाटलं आता उठावं. पण ज्यासाठी आलो ते अजून राहिलंच होतं, आणि आज नाही तर ते कधीच होणार नव्हतं.

"निळं कापड मी बघितलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही जुळला म्हणायच्या आधी. मागून जाताना. मला दिसलं होतं चुकलंय ते. मी बोललो नाही."

हे मात्र शीळबुवाला माहीत नव्हतं. ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. आधी काही झालं नाही, मग कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याचा पुढं असलेला पाय त्यानं हळूच मागे घेतला. खोलीत शेजारच्या घरातला नळ ऐकू येत होता. तो म्हणाला, अच्छा. मग म्हणाला, चांगलंच झालं म्हणायचं, मला तिथं करमलं नसतं जन्मभर. हे तो पाहुण्याला बरं वाटावं म्हणून बोलतो तसं बोलला. आणि उठला. गाडीच्या काचा पुसायच्या राहिल्यात, दुपारी दुसरी शिकवणी आहे, येतोच, असं म्हणून त्यानं खुंटीवरचं फडकं घेतलं आणि तो खाली गेला. जिन्यात बराच वेळ नुसते बूट वाजत राहिले.

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. हातात ओली वाटी होती आणि तिचं पाणी तिच्या पावलावर ठिबकत होतं, त्याकडे तिचं लक्ष नव्हतं. रंगमास्तरला वाटलं ती रडेल, किंवा ओरडेल. दोन्हीला तो तयार होता, दोन्ही त्यानं वाटेत मनात पाहून ठेवलं होतं. तिनं वाटी टेबलावर ठेवली.

"तू म्हणाला होतास त्यांनी घाई केली," ती म्हणाली. "मी तुझं ऐकलं, दादा."

ती सावकाश बोलत होती, एकेक आठवून. भाजी चिरताना बोट कापलं की घाई. परीक्षेत मुलीचे गुण कमी आले की बापावर गेलीस, घाई. बँकेत सही चुकली, घाई. सासरी, माहेरी, शेजारी, सगळ्यांना मी सांगितलं, यांची नोकरी घाईनं गेली. तीस वर्षं त्यांना मी रोज हेच ऐकवलं. आणि ते म्हणायचे, हो, माझा स्वभावच तसा. त्यांनाही पटलं होतं. तू आम्हा दोघांना शिकवलंस ते. एवढंच तू आम्हाला नीट शिकवलंस.

आम्हा दोघांना, हे शब्द त्याच्या छातीत कुठंतरी रुतले. तो माफी मागायला तोंड उघडणार तोच तिनं हात वर केला, रागानं नाही, गाडी थांबवायला करतात तसा. तू बस, ती म्हणाली. चहा ठेवलाय, उतू जाईल, बघ. मी खाली जाऊन येते. आणि पायांत चपला न घालताच ती निघाली.

त्यानं आत जाऊन गॅस बंद केला. मग काय करावं ते न कळून गॅलरीत गेला. खाली शाळेची गाडी उभी होती, डोक्यावर पाटी असलेली, आणि शीळबुवा वाकून समोरची काच पुसत होता, एकच जागा, गोल गोल. धाकटी अनवाणी फरशीवरून गेली आणि त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. त्याला चाहूल लागली असावी, पण त्यानं पुसणं थांबवलं नाही. ती काहीतरी म्हणाली. तिसऱ्या मजल्यावर ते ऐकू आलं नाही. शीळबुवानं मान हलवली, जाऊ दे, अशी. ती पुन्हा काहीतरी म्हणाली, आता जास्त वेळ, हातवारे न करता, आणि बोलता बोलता तिनं दोन्ही हातांनी गाडीची कड धरली. फडकं थांबलं. शीळबुवा सरळ उभा राहिला आणि बायकोकडे बघू लागला. तीन सेकंद झाले, दहा झाले, किती झाले ते रंगमास्तर मोजू शकला नाही. तो बघतच राहिला. मग शीळबुवानं गाडीचं पुढचं दार उघडलं आणि ती आत बसली, शिकणाऱ्याच्या जागेवर, आणि तो फेरा घालून तिच्या शेजारी जाऊन बसला. गाडी सुरू झाली नाही. दोघं नुसती बसून होती. वर बघायचं त्यांच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही, आणि त्यांच्या घरात, गार होत चाललेल्या चहापाशी, तो त्यांची वाट बघत उभा राहिला.